बॅड सेक्टर किती ते सोडा, कुठल्या नंबरचे ते बघा

आधी थांबा, ते चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारू नका प्लीज. तुम्ही म्हणताय वडिलांच्या छापखान्यातल्या चाळीसेक फ्लॉप्या सापडल्यात, आत श्रीलिपीतलं (जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधलं) मॅटर आहे, युएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह घेतलाय, आणि विचारताय की बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे वाचता न येणारे तुकडे, कमांड लाइनवरून कसे तपासायचे. तर चेकडिस्कला स्लॅश आर दिलं की ते नुसतं तपासत नाही, "दुरुस्ती" म्हणून डिस्कवर लिहितं सुद्धा, आणि एकुलत्या एक कॉपीवर कुणाला काही लिहू द्यायचं नसतं. म्हणून पहिलं काम, फ्लॉपीच्या कोपऱ्यातली ती छोटी खिटी सरकवून भोक उघडं करा. दोन्ही बाजूंना आरपार भोक दिसलं म्हणजे राइट बंद.

दुसरं, आत घालण्याआधी पत्र्याचं शटर बोटाने बाजूला करून मागची चकती फिरवत तपकिरी फिल्म उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या फ्लॉप्यांना बुरशी धरते, पांढुरके ढगासारखे डाग दिसतात. अशी फ्लॉपी बाजूला ठेवा, ती एकदा आत गेली की घाण हेडला (ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या भागाला) लागते आणि मग पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही एरर द्यायला लागतात.

आता उबुंटूवर (लिनक्सवर). (मोबाईलवरून मराठीत टाइप करतोय, कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही इंग्रजीत टाका.) आधी एलएसबीएलके मारा, जोडलेल्या डिस्कची यादी येईल, आणि १.४ एम साइजचं जे डिव्हाइस दिसेल ते लिहून ठेवा, माझ्याकडे ते एसडीबी येतं, तुमच्याकडे वेगळं असू शकतं, इथे चूक नको. मग बॅड सेक्टर शोधणारी कमांड: सुडो बॅडब्लॉक्स, डॅश बी ५१२, डॅश एस व्ही, आणि शेवटी स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी. डॅश बी ५१२ विसरू नका, नाहीतर ते १०२४ बाइटचा ब्लॉक धरतं आणि खाली सांगतोय तो हिशोब जुळणार नाही. काही ऑप्शन दिला नाही तर ते फक्त वाचतं. डॅश डब्ल्यू मात्र अजिबात नको, ते अख्ख्या डिस्कवर चार वेळा वेगवेगळे पॅटर्न लिहून वाचून बघतं, म्हणजे डेटा गेलाच, तो ऑप्शन रिकाम्या फ्लॉपीसाठी. चांगली फ्लॉपी मिनिटभरात होते. खराब असेल तर हेड परत परत मागे जाऊन येतं, खट्ट-खर्र, खट्ट-खर्र, आणि तुमचा चहा पिऊन होतो तरी आकडा पुढे सरकत नाही.

आता खरी गंमत. १.४४ च्या फ्लॉपीत २८८० सेक्टर असतात, ८० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर एका बाजूला १८. नेहमीच्या डॉस फॉरमॅटमध्ये ० म्हणजे बूट सेक्टर, १ ते ९ पहिला फॅट (कुठली फाइल कुठे आहे त्याचा तक्ता), १० ते १८ त्याचीच दुसरी कॉपी, १९ ते ३२ फाइलींच्या नावांची यादी, ३३ पासून खरा माल. म्हणजे १५०० च्या आसपास दोन-तीन बॅड आले तर एखाद्या फाइलचा तुकडा जाईल, कदाचित रिकामी जागाच असेल, बाकी सगळं शाबूत. पण २० ते ३० मध्ये आले तर फ्लॉपी "रिकामी" दिसू शकते, घाबरायचं नाही, मजकूर पुढे असतोच.

माझ्याकडे एकदा एका फ्लॉपीत १८ ते ३५ बॅड, ३६ ते ५३ चांगले, ५४ ते ७१ बॅड, मग परत १८ चांगले, असं जवळजवळ शेवटपर्यंत चाललं. मी तर ती कचऱ्यात टाकणार होतो. मग डोक्यात आलं की अरे हे बरोब्बर एक आड एक अठरा आहेत, म्हणजे सगळी वरची बाजू, डिस्क एवढी शिस्तीत कशी खराब होईल, वरचं हेडच घाण असणार. ड्राइव्ह उघडला, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड हलक्या हाताने पुसलं तर बड काळाकुट्ट. पाच मिनिटं सुकू दिलं, परत बॅडब्लॉक्स, शून्य एरर. म्हणून एका ड्राइव्हच्या निकालावर फ्लॉपी टाकायची नाही.

आणि खरं सांगू का, चाळीस फ्लॉप्या असतील तर बॅडब्लॉक्स एकदोन फ्लॉप्यांपुरतं, अंदाज यायला. पुढे थेट डीडीरेस्क्यू वापरा, ते अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब कॉपी (इमेज) एका फाइलमध्ये काढतं, उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. डीडीरेस्क्यू, डॅश डी, डॅश आर ३, डिव्हाइस, इमेज फाइलचं नाव, मॅप फाइलचं नाव. ते आधी सोपं सोपं वाचून घेतं, अडलेलं शेवटी तीनदा ट्राय करतं, आणि काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहितं. मग तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच इमेज, तीच मॅप देऊन परत चालवली की फक्त राहिलेले सेक्टर वाचायला जातं. एका ड्राइव्हला न वाचणारं दुसरा ड्राइव्ह बरेचदा वाचतो, जुन्या कॉम्प्युटरमधला आतला ड्राइव्ह कुठे मिळाला तर सोडू नका. दुरुस्त्या वगैरे काय करायच्या त्या त्या इमेजच्या कॉपीवर करा.

फाइली उघडल्यावर मजकूर अगम्य दिसला तर ते बॅड सेक्टरमुळे नाही, त्या काळचं श्रीलिपीचं मॅटर युनिकोडमध्ये (आजच्या मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या मराठीत) नसतं, फॉन्ट नसला की तसंच दिसतं, त्याला कन्व्हर्टर लागतो. ते नंतर बघू. आधी एका फ्लॉपीचं बॅडब्लॉक्स चालवून जे नंबर येतील ते सगळेच्या सगळे इथे टाका, नुसतं "२७ एरर आले" असं नको.