2017 चा लॅपटॉप आहे, विंडोज टेन बंद झालं म्हणतात, दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2017 चा लॅपटॉप, आय फाईव्ह सेव्हन्थ जनरेशनचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, विंडोज टेन, वर्तकनगरला राहता, बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आणि आधीच्या डेस्कटॉपपासूनची बारा वर्षांची इतिवृत्तं, नोटिसा, थकबाकीची पत्रं सगळं कुठल्यातरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये त्याच लॅपटॉपवर. दुकानदार म्हणतो नवीन घ्या, मित्र म्हणतो विंडोज काढून लिनक्स टाक, चुलतभाऊ म्हणतो पेनड्राईव्हवरनं विंडोज इलेव्हन मारून देतो दोन तासात.

मी ठाण्यातच असतो, वागळे इस्टेट आणि नौपाड्यातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारावर. व्हिस्टा आलं त्या वर्षी, म्हणजे 2007 ला, धंद्यात पडलो, तेव्हा अपग्रेडवरनं लोकांनी घातलेल्या शिव्या किती ऐकल्या असतील याचा अंदाज करा. तुमच्या केसमध्ये मला एवढंच दिसतंय की तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिघांपैकी एकानेही बाबांना काही विचारलेलं नाही.

आधी ते "बंद झालं" बघू, कारण त्यावरनं लोक फार घाबरलेत. विंडोज टेनचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लॅपटॉप बंद पडत नाही, वर्ड एक्सेल चालतं, प्रिंटर चालतो. दर महिन्याला सिक्युरिटीचे जे पॅच, म्हणजे भोकं बुजवणारे अपडेट, यायचे ते थांबले, बस. आता कुणी म्हणेल मग काय बिघडलं, मी तसंही अपडेट बंदच करून ठेवतो. तर बिघडतं असं की इलेव्हन आणि टेनचा आतला बराच भाग एकच आहे, इलेव्हनला एखाद्या भोकावर पॅच आला की वाईट कामं करणारी माणसं तो पॅच उघडून बघतात भोक कुठं होतं, आणि तेच भोक टेनमध्ये कायमचं उघडं राहतं. 2017 चं वॉनाक्राय आठवत असेल, फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, हल्ला झाला मे मध्ये, ज्यांनी पॅच टाकला नव्हता ते अडकले. त्या मे महिन्यात मी किती ऑफिसांत जाऊन आधी लॅनची वायर उपटली आणि मग बोललो.

पण तुम्हाला लगेच काही करायची गरज नाही, कारण ईएसयू (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स) नावाचा प्रकार आहे. घरगुती मशीनला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सिक्युरिटीचे पॅच मिळतात. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर एनरोल करायची लिंक दिसते, आधी फक्त टेनचं 22एच2 व्हर्जन आहे ना ते बघून घ्या. तीस डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट असतील तर ते द्या, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन करून सेटिंग्जचं बॅकअप सिंक चालू करा म्हणजे फुकट. बाबांचे डॉक्युमेंट वर चढवायची गरज नाही, फुकटात जागा पाचच जीबी मिळते ती दोन दिवसात भरेल. अकाऊंट मात्र पैसे भरले तरी लागतंच, लोकल अकाऊंटवाल्यांची चिडचिड त्याच्यावरनंच आहे आणि ती मला पटते, स्वतःच्या मशीनला कुलूप लावायला शेजाऱ्याकडे नाव नोंदवा असा प्रकार आहे तो. पण करा. आज रात्री जेवण झालं की करा, दहा मिनिटांचं काम आहे.

दुकानदाराचं म्हणणं. सेव्हन्थ जनरेशन इलेव्हनच्या यादीत नाही (दोनचार अपवाद सोडले तर), एट्थपासून पुढे चालतं, त्यामुळे तुमच्यापुरतं तो खोटं बोलत नाहीये. मात्र एट्थ जनरेशनवाले कुणी हे वाचत असतील तर थांबा, "तुमच्या पीसीत टीपीएम नाही" असा मेसेज आला म्हणून मशीन विकू नका. टीपीएम म्हणजे इलेव्हनला लागणारी सुरक्षेची सोय, ती बऱ्याचदा आत असते, बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) बंद असते एवढंच, इंटेलमध्ये पीटीटी नावाने आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने. विंडोजची की आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाका, चालू आहे की नाही ते कळेल. राम मारुती रोडवरचे एक काका चाळीस हजार घेऊन निघालेले नवीन आणायला, त्यांचं काम एका सेटिंगवर झालं. मला चहा पाजला, चाळीस हजारांवर.

बायोसमध्ये हात घालण्याआधी एक गोष्ट नक्की बघा, ही मी स्वतः केलेली चूक आहे. पाचपाखाडीत एका काकूंच्या लॅपटॉपचा बायोस अपडेट केला, रीस्टार्ट झाला आणि निळ्या स्क्रीनवर 48 आकडी रिकव्हरी की मागायला लागला. डिस्क एन्क्रिप्ट होती, म्हणजे विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद, मी बघितलंच नव्हतं, आधी बिटलॉकर सस्पेंड करायचं असतं ते केलं नाही. काकूंना विचारलं की कुठेय, त्या म्हणाल्या किल्ली कसली रे, लॅपटॉपला किल्ली असते का. लॅपटॉप सुरू करून दिलेला मुलाने, त्याच्या अकाऊंटने, आणि मुलगा टोरोंटोला. इथे सकाळचे अकरा, तिथे रात्रीचा दीड. त्याला उठवलं, झोपेत त्याने आकडे वाचले, मी दोनदा चुकीचे टाकले. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी आधी की कागदावर लिहून घेतो, तो कागद कपाटात आधारकार्डाच्या फाईलमध्ये ठेवायला लावतो आणि मगच स्क्रू ड्रायव्हर काढतो.

चुलतभाऊ. तो म्हणतोय ते होतं, रूफस नावाचं पेनड्राईव्ह बनवायचं टूल वापरून ते टीपीएम आणि प्रोसेसरचं चेकिंग वगळता येतं, तुमच्या मशीनवर इलेव्हन बसेल आणि चालेलही. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की अशा मशीनला अपडेट मिळतील याची हमी नाही. मी लावून दिलेल्या मशीनवर महिन्याचे अपडेट येतायत, वर्षाचं मोठं व्हर्जन मात्र आपोआप येत नाही, दरवेळी परत पेनड्राईव्ह घेऊन बसायला लागतं. म्हणजे दरवर्षी चुलतभाऊ लागणार. तो आज ठाण्यात आहे, पुढच्या वर्षी पुण्याला नोकरी लागली की बाबा फोन कुणाला करणार? मी माझ्या स्वतःच्या मशीनवर हे केलंय, गिऱ्हाईकाला शक्यतो करत नाही, आणि बाबा इथे गिऱ्हाईक आहेत.

मित्राचं लिनक्स. मला लिनक्समधलं मिंट आवडतं, माझ्या आईच्या मशीनवर तेच आहे, तिला यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं आणि नातवाशी व्हिडिओवर बोलायचं, चार वर्षांत एकदाही तक्रार नाही. तुमचं मशीन आठ जीबीचं, त्यावर मस्त पळेल, हार्डडिस्क जुनी फिरणारी असेल तर फक्त एसएसडी टाकून घ्या. पण लिनक्सवाल्या मित्रांची खोड अशी की ते ब्राउझरमधलं काम बघतात आणि म्हणतात सगळं होतं की. अहो हिशोबाचं टॅली असेल तर? डिजिटल सही करायचं डीएससीचं टोकन असेल तर? बाबांच्या फॉन्टचं सॉफ्टवेअर असेल तर? होतं म्हणजे वाईन नावाच्या, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून, तीन रात्री जागून होतं, आणि तीन रात्री जागायची मजा मित्राला येते, बाबांना नाही.

मशीनला काय काय लटकलंय ते न बघता ओएस (विंडोज, लिनक्स जे काय असेल ते) बदललं की काय होतं त्याचा किस्सा सांगतो. जांभळी नाक्याला एक धान्याचे व्यापारी आहेत, जीएसटीची बिलं वेगळ्या सॉफ्टवेअरवर, पण उधारीचं खातं अजून विंडोजच्या आधीच्या काळातल्या डॉसवर चालणाऱ्या, फॉक्सप्रोमधल्या प्रोग्रॅमवर, 1998 साली कुणीतरी लिहून दिलेला, लिहिणारा कुठेय कुणालाच ठाऊक नाही. मुनीमजी स्क्रीनकडे न बघता एंट्री मारतात, एफ टू, नाव, रक्कम, एंटर, आणि बाजूला डॉट मॅट्रिक्स करकरत असतो. पुतण्याने हौसेने नवीन मशीन आणलं इलेव्हनचं, टेबल साफ, वायरी गुंडाळलेल्या, एकदम चकाचक, प्रोग्रॅम उघडला तर हे तुमच्या पीसीवर चालणार नाही असा मेसेज. चालणारच नव्हता. तो प्रोग्रॅम सोळा बिटचा, टेनमध्ये बत्तीस बिटचं व्हर्जन मिळायचं त्यावर तो चालत होता, इलेव्हन फक्त चौसष्ट बिटमध्येच येतं आणि चौसष्ट बिटच्या विंडोजला सोळा बिटचं काही कळतच नाही. दसऱ्याच्या आधीचा आठवडा, दुकानात उभं राहायला जागा नाही, मुनीमजी मला म्हणाले साहेब तुमचं विंडोज वगैरे राहू दे, मला माझी काळी स्क्रीन द्या. जुनं मशीन परत लावलं, नेटची वायर काढून टाकली, वायफायही बंद, फक्त उधारी. नवीनवर डॉसबॉक्स (डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून हळूहळू सवय लावतोय, प्रिंटिंगचं अजून नीट जमलेलं नाही.

आता बाबांच्या फाईली, खरं काम इथे आहे. जुन्या मराठी फॉन्टमधली फाईल मुळात मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट गेला की "सर्वसाधारण सभा" च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस असला खिचडा दिसतो. ओएस कोरं टाकताना सी ड्राईव्ह साफ होतो, फॉन्ट जातो, नव्या मशीनवर तो मुळात नसतोच, आणि त्या सॉफ्टवेअरला डोंगल (यूएसबीत लावायची किल्ली) लागत असेल तर त्याचा ड्रायव्हर नवीन विंडोजवर चालेल की नाही ते नशीब. म्हणजे दुकानदाराचा नवीन लॅपटॉप घ्या, मित्राचं लिनक्स घ्या नाहीतर चुलतभावाचं इलेव्हन, तिन्हीकडे बाबा पहिल्या दिवशी फाईल उघडणार आणि बारा वर्षांची इतिवृत्तं गेली म्हणून डोक्याला हात लावून बसणार. उद्या कुणी सभासद उपनिबंधकाकडे तक्रार घेऊन गेला आणि 2016 चा ठराव मागितला तर?

म्हणून ईएसयूचे जे महिने मिळतायत ते त्या फाईली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा कोडमध्ये, आणायला वापरा. आधी कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्टच्या फोल्डरमधून बाबांचा फॉन्ट कॉपी करून दोन पेनड्राईव्हवर ठेवा. मग प्रत्येक फाईल आहे तशी पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा एम्बेड होतो, म्हणजे फाईलच्या आतच बसतो, त्यामुळे निदान वाचता तरी येईल, छापता येईल. हे झालं की अर्धी भीती गेली. त्यानंतर कन्व्हर्टर. नेटवर फुकट मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा वेगळा, नाव बरोबर माहीत पाहिजे. आणि कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलटं, त्या अदलाबदलीत "कार्यकारिणी" चं काय होईल सांगता येत नाही. आकडे तर हमखास बघा. थकबाकीच्या पत्रात 1 चा 7 झाला तर सोसायटीत महाभारत होईल. बाबांनाच वाचायला बसवा, रोज पाचसहा फाईली, ठराव त्यांनीच लिहिलेत, चूक त्यांना झोपेतही दिसेल.

टायपिंगची सवय हे दुसरं दुखणं. बाबा रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर, मारत असतील तर त्यांना इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिका म्हणणं म्हणजे साठीनंतर डाव्या हाताने जेवा म्हणण्यासारखं आहे. युनिकोडमध्ये रेमिंग्टन लेआऊट मिळतो, तो टाकून द्या, बोटांना फारसा फरक कळणार नाही.

एवढं झालं की ओएस कुठलं हा प्रश्न फार छोटा होतो. फाईली युनिकोडमध्ये आल्या आणि टॅली किंवा टोकन काही नसेल तर मित्राचं मिंट खुशाल टाका, लिबरऑफिसमध्ये (तिथलं वर्ड एक्सेल) मराठी छान चालतं. टॅली असेल तर ऑक्टोबर 2026 च्या आत नवीन किंवा सेकंडहँड एट्थ जनरेशनच्या पुढचा घ्या, ऑफिसांतनं निघालेले बिझनेस लॅपटॉप बघा, रॅमचे भाव सध्या चढलेत त्यामुळे आठ जीबीवाला घेऊन नंतर वाढवू असा हिशोब करू नका.

मित्राच्या रागाबद्दल एक बोलतो, तो उगाच नाहीये. 2015 ला मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने टेन हे शेवटचं व्हर्जन असं जाहीर कार्यक्रमात सांगितलं, सहा वर्षांत इलेव्हन आलं. 2016 ला अपग्रेडच्या खिडकीवरची फुली दाबली तरी अपग्रेड शेड्यूल व्हायचं, कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईने नको असलेल्या त्या अपग्रेडपायी कोर्टात दहा हजार डॉलर मिळवले. तेव्हा लोक चिडले त्यात नवल नाही. फक्त तो राग बाबांच्या लॅपटॉपवर काढायचा नाही एवढंच.

लॅपटॉपचं मॉडेल, प्रिंटरचं मॉडेल आणि बाबांच्या फॉन्टचं नेमकं नाव इथेच लिहा, वर्डमध्ये वर जिथे फॉन्टचं नाव दिसतं तिथलं, स्पेलिंगसकट. कुठला कन्व्हर्टर चालेल ते बघून सांगतो.