वाचकांचे प्रश्न : ज्योतींद्र दवे यांचा विनोद

प्रश्न : निपाणीत आमच्या शेजारी एक वृद्ध गुजराती काका राहतात. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, हे आम्ही अभिमानाने सांगितले की ते म्हणतात, ‘तुमचे पु. ल., तसे आमचे ज्योतींद्रभाई.’ हे लेखक कोण, आणि ही तुलना कितपत योग्य आहे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचा अभिमान अनाठायी नाही. ज्योतींद्र दवे यांचा जन्म 1901 साली सुरतेत झाला आणि 1980 साली ते मुंबईत निवर्तले. गुजराती घराघरांत विनोदी लेखक म्हणून त्यांच्या नावाला जी आपुलकी मिळाली, तिच्यापुरती काकांची तुलना योग्यच आहे. विनोदाची जात मात्र वेगळी आहे. पु. लं.च्या लेखनात भोवतालची माणसे आपल्या लकबींसह समोर येऊन उभी राहतात. दवे यांच्या निबंधांत बहुतेक वेळा एकच माणूस असतो, तो म्हणजे निबंध सांगणारा ‘मी’.

हा ‘मी’ अंगाने अत्यंत किरकोळ आहे. दवे स्वतः कृश प्रकृतीचे होते, आणि आपल्या या शरीराकडे ते एखाद्या शास्त्रीपंडिताने दुर्बोध श्लोकाकडे पाहावे तसे पाहतात : शंका काढतात, पूर्वपक्ष मांडतात, त्याचे खंडन करतात आणि वाचकाला अशा निष्कर्षाशी आणून सोडतात की तर्कात कोठे खोट होती, हे त्याला हसू ओसरल्यावरच उमगते. ‘मारी व्यायामसाधना’ हा त्यांचा प्रसिद्ध निबंध आहे. अशा शरीराच्या व्यायामाला ‘साधना’ म्हणण्यातच त्यांची सगळी रीत दिसते. ‘अशोक पारसी हतो’ या लेखात त्यांनी हीच युक्ती इतिहास-संशोधनावर चालवली असून, सम्राट अशोक पारशी होता हे संशोधकाच्या संपूर्ण गांभीर्याने सिद्ध करून दाखवले आहे. अशा लेखनाला खरी विद्वत्ता लागते, आणि ती त्यांच्यापाशी होती. दुसऱ्याच्या व्यंगावर बोट न ठेवता इतके हसवणे मला फार मोलाचे वाटते.

‘रंगतरंग’ या नावाने त्यांच्या निबंधांचे सहा भाग निघाले. धनसुखलाल मेहता यांच्यासह लिहिलेली ‘अमे बधां’ ही कादंबरी 1936 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सुरतेचे घरगुती जीवन इतक्या बारकाव्याने आले आहे की विनोद बाजूला ठेवला, तरी त्या शहराची नोंद म्हणून ती वाचावी. या नावाचा अर्थ ‘आम्ही सगळे’. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा आहे, त्यामुळे शीर्षकातली छटा आपल्याला चटकन कळते. 1940 सालचे रणजितराम सुवर्णचंद्रक हे गुजराती साहित्यातील मानाचे पदक त्यांना मिळाले, आणि पुढे ते गुजराती साहित्य परिषदेचे अध्यक्षही झाले.

त्यांची नोकरी मुंबई सरकारच्या भाषांतर खात्यात होती, हे सीमाभागातील वाचकांना विशेष जवळचे वाटेल. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत सुरत आणि बेळगाव हे एकाच मुंबई राज्याचे जिल्हे होते, आणि गुजराती, मराठी व कन्नड बोलणाऱ्या प्रजेचा कारभार एकाच राजधानीतून चालत असे. एकाच व्यवहाराचा कागद एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना शब्द कसा वाकतो, हे आपण तहसील कचेरीत नेहमी अनुभवतो. दवे यांच्या विनोदात शब्दाला दोन्ही बाजूंनी उलटून पाहण्याची जी सवय आहे, तिला या नोकरीने धार आली असावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : त्यांच्या आधी गुजरातीत विनोदी लेखन नव्हते का?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : होते, आणि चांगले भक्कम होते. रमणभाई नीलकंठ यांची ‘भद्रंभद्र’ ही कादंबरी 1900 साली पुस्तकरूपाने आली. तिचा नायक सुधारणांचा कट्टर विरोधक असून परकीय शब्द तोंडी येऊ देत नाही. रेल्वे स्थानकावर तो मुंबईचे तिकीट न मागता ‘मोहमयीची मूल्यपत्रिका’ मागतो. आपल्याकडे त्याच सुमारास, 1902 पासून, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या तोंडून रूढींची हजेरी घेऊ लागले होते. दोन्हीकडे विनोद प्रथम समाजसुधारणेच्या कामाला जुंपला गेला. दवे यांनी गुजरातीत त्याला त्या कामातून बरेच मोकळे केले आणि रोजच्या क्षुल्लक अडचणींकडे वळवले.

प्रश्न : गुजराती लिपी येत नसताना हे मुळातून वाचता येईल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : येईल. गुजराती लिपी देवनागरीच्याच कुळातील आहे. तिला शिरोरेषा नाही आणि अ, ख, च, ज, झ, फ, ब अशी काही अक्षरे निराळी आहेत. घरी मराठी आणि दुकानाच्या पाटीवर कन्नड वाचत मोठ्या झालेल्या आपल्या भागातील माणसाला ही आणखी एक लिपी जड जाऊ नये. आरंभ कादंबरीने न करता ‘खोटी बे आनी’ या निबंधाने करावा. ‘बे आनी’ म्हणजे दोन आण्यांचे नाणे. पहिल्या वाचनाला शेजारी कोणी गुजराती जाणकार असल्यास फार बरे, आणि निपाणीच्या वाचकांना तर ते काका शेजारीच आहेत.