बटरनट : भोपळा की अक्रोड?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहते. तिच्या अंगणातल्या एका झाडाला एक शेजारी ‘बटरनट’ म्हणतात, दुसरे ‘व्हाइट वॉलनट’ म्हणतात. आपल्याकडे तर बटरनट नावाचा भोपळा मिळतो. यांतले खरे नाव कोणते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही शेजाऱ्यांचे बरोबर आहे. भोपळ्याचा मात्र या झाडाशी काहीही संबंध नाही. तो भोपळ्याच्या कुळातला वेल आहे आणि हे झाड अक्रोडाच्या कुळातले. आपण खातो त्या काश्मिरी अक्रोडाचे ते उत्तर अमेरिकेतले भावंड म्हणावे लागेल.

या झाडाला जितकी नावे पडली, तितके त्याचे उपयोग त्यांतून कळतात, आणि म्हणूनच ती जपावीत असे मला वाटते. तिथले मूळ रहिवासी फळे ठेचून पाण्यात उकळत आणि वर तरंगणारे स्निग्ध तेल काढून घेत; ‘बटरनट’ म्हणजे लोण्यासारखा गर असलेले फळ आणि ‘ऑइलनट’ म्हणजे तेलाचे फळ, ही दोन्ही नावे या स्निग्धपणाचीच आहेत. ‘व्हाइट वॉलनट’ हे नाव लाकडावरून आले, कारण त्याच प्रदेशातल्या काळ्या अक्रोडाच्या गडद लाकडापुढे याचे लाकूड फिकट आणि हलके असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1759 मध्ये दिलेल्या ‘जुग्लान्स सिनेरिया’ या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘राखाडी’ असा होतो. याच्या सालींपासून आणि फळांच्या टरफलांपासून पिवळसर तपकिरी रंग काढत. अमेरिकी यादवी युद्धात (1861–65) दक्षिणेकडील अनेक सैनिकांचे घरी विणलेले कपडे तसल्याच रंगाचे असल्यामुळे त्या सैनिकांनाच लोक ‘बटरनट’ म्हणू लागले. झाडाचे नाव माणसांना चिकटल्याचे असे उदाहरण विरळाच.

ओळख पटवायची असेल तर फळ पाहावे. काळ्या अक्रोडाचे फळ गोल असते, तर याचे लांबट, लिंबासारखे निमुळते आणि हाताला चिकट लागणारे असते.

आपल्या मुलीला एक गोष्ट अवश्य कळवावी. 1967 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात प्रथम नोंदवल्या गेलेल्या एका बुरशीजन्य रोगाने या झाडाच्या खोडावर काळ्या, खोलगट जखमा होतात आणि त्याने असंख्य झाडे मारली आहेत. कॅनडात ही जात संकटग्रस्त ठरवण्यात आली आहे. अंगणातले झाड निरोगी असेल तर स्थानिक वनाधिकाऱ्यांना दाखवावे, कारण रोगाला तोंड देऊन टिकलेल्या झाडांचे बी आज फार मोलाचे आहे.