मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी (कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळा) पहिल्यांदाच स्टीमपंक पोशाख करायचा आहे, बजेट बेताचं आहे. सुरुवात गॉगलपासून करू की कपड्यांपासून?

दोन्हींपासून नको. स्टीमपंक म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडवर बेतलेली, वाफेच्या यंत्रांवर चालणारी कल्पित दुनिया. म्हणून आधी त्या दुनियेतलं तुमचं पात्र पोटापाण्यासाठी काय करतं ते ठरवा. तारबाबू? घड्याळजी? बॉयलरवरचा फायरमन? ते ठरलं की कमरेला कोणती हत्यारं, तेलाचे डाग कुठे, बाह्या दुमडायच्या का, हे सुटत जातं. नाहीतर टोपीवर दहा गिअर चिकटतात आणि त्यातला एकही काही फिरवत नसतो.

आणि त्यासाठी लंडन गाठायची गरज नाही. वाफेवरची दुनिया आपल्याकडेही होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या चौदा डब्यांच्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी सुरू झाली. सोला टोपीवाला गोरा साहेब मला तरी नको वाटतो, तो सगळेच करतात. त्यापेक्षा नऊवारीचा काष्टा मारून वर रेक्झिनचा रुंद पट्टा आवळलेली बॉयलरवाली बाई बघा! पुरुषांसाठी धोतर, बंडी, वर जाकीट आणि मुंडासं. कापड सुतीच घ्या. मखमली कोटात घामाने हाल होतात. नवं कापड चहाच्या कडक पाण्यात बुडवलं की जुनं दिसतं.

आता पाठीवर काय घ्यायचं? माझं मत, बंब. पाणी तापवायचा आपला तांब्याचा बंब: मधून धुराडं, खाली जाळी, बाजूला तोटी. यापेक्षा अस्सल स्टीमपंक वस्तू शोधून सापडणार नाही. खरा मात्र पाठीवर घेऊ नका, खांदे जातील. ईव्हीए फोमची (हलका, वळणारा रबरासारखा फोम) शीट गोल वळवून फेविकॉल एसआरने जोडा. दोन्ही कडांना लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. मग हीट गनने वरून हलकी ऊब द्या, पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून दोन-तीन हात मारा, वाळल्यावर काळा ॲक्रिलिक रंग. तांब्याचा रंग सगळ्यात शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने, फक्त उंचवट्यांवर. खाचांमध्ये काळा राहिला पाहिजे, धातूचा भास तिथूनच येतो. रिव्हेट म्हणून भरतकामाच्या दुकानातले चपटे अर्धे मोती रंगवायच्या आधीच चिकटवा. धुराड्याला पीव्हीसी पाइप.

एखादी तरी वस्तू खऱ्या पितळेची असू द्या, बाकीचा फोम तिच्या जोरावर खपून जातो. पुण्यात असाल तर जुना बाजार, मुंबईत चोरबाजार. मोडका पितळी स्टोव्ह मिळाला तर सोडू नका, त्याचा पंप आणि बर्नर दोन्ही कामाचे.

गॉगल हार्डवेअरच्या दुकानातला, वेल्डिंगचा, गोल काचांचा आणि झाकणं वर उचलता येणारा घ्या. हॉलमध्ये काळ्या काचांतून काही दिसत नाही.

दोन गोष्टी आधीच बघून ठेवा. प्रवेशद्वाराशी प्रॉप, म्हणजे पोशाखासोबतच्या वस्तू, तपासतात, त्यामुळे धारदार किंवा जड धातूचं काही नको. त्या वर्षीचे नियम वाचा. आणि लोकलने जाणार असाल तर धुराडं वेल्क्रोने निघेल असं करा, बंबाची टाकी पुढे पोटाशी धरता आली पाहिजे.