खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबा मदतनीसाकडून अंघोळ करून घ्यायला तयारच नाहीत. काय करावं?

हा हट्ट कमी आणि संकोच जास्त असतो. जन्मभर घर चालवलेल्या माणसाला परक्या हातून अंग धुवून घेणं जडच जातं. सगळी अंघोळ मदतनीसावर सोपवू नका. स्टुलावर बसवून, कमरेला पंचा गुंडाळून पाठ-पाय त्याने धुवावेत. तोंड, हात, छाती बाबांनी. लागू दे वेळ. पाणी किती कढत, आधी चहा की अंघोळ, हेही तेच ठरवतील. १९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात असेच बारीकसारीक निर्णय आणि एकेका रोपाची निगा रहिवाशांवर सोडली, तर ते अधिक तरतरीत दिसू लागले. आणि हो, आल्यागेल्यासमोर ‘आज बाबांना अंघोळ घातली’ म्हणू नका. फार लागतं ते.