वाचकांचे प्रश्न : एसटी, कडप्पा आणि हार्ड डिस्क

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. चिपळूणहून गुहागर रस्त्यावरच्या शाळेत रोज एसटीने जाते. मुलाने वापरून सोडलेला नऊ वर्षांचा लॅपटॉप माझ्याकडे आला आहे. एसटीत बसायला मिळालं की मांडीवर उघडून गुणपत्रकं भरते. घरी तो कधी पलंगावर, कधी ओट्यावर, तर कधी भिंतीला टेकवून उभा असतो. मुलगा म्हणतो, अशाने हार्ड डिस्क जाईल. त्याने एक सॉफ्टवेअर घालून पाहिलं, त्यात 'जी-सेन्स एरर रेट'समोर '८एफ' असं काहीतरी दिसलं. एसटीतलं काम बंद करू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, नका करू. तुमचं पत्र वाचताना मला एसटीपेक्षा ओट्याचीच धास्ती वाटली.

आधी उभ्या-आडव्याचं बघू. हल्लीच्या डिस्क आडव्या, उभ्या, पालथ्या, कशाही चालतात. बनवणारे तसं छापूनच देतात. उभी डिस्क लवकर जाते हा समज मात्र अगदीच निराधार नाही. १९८०च्या दशकातल्या अनेक डिस्कमध्ये हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, स्टेपर मोटरवर (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरवर) मोजून पावलं टाकायचं. आडवी फॉरमॅट केलेली डिस्क उभी केली की त्याचा नेम किंचित हुकायचा, म्हणून ती पुन्हा फॉरमॅट करायला सांगत. आता तबकडीवरच चुंबकीय खुणा असतात आणि त्या वाचत हेड आपली जागा आपणच धरतं. तेव्हा भिंतीला टेकवा खुशाल. फक्त तो घसरून खाली येणार नाही एवढं बघा.

खरा प्रश्न हलण्याचा आहे, तोही डिस्क फिरत असतानाचा. लॅपटॉपची डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगतं. आपला केसच सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. त्यात फिरणारी तबकडी म्हणजे भोवराच. भोवरा कलवायला गेलं की तो हट्ट करतो, तशी तीही करते. स्क्रीन दुसऱ्याला दाखवायला लॅपटॉप सावकाश वळवला तर काही बिघडत नाही. हिसका देऊन फिरवू मात्र नका.

आता ओटा. चालू लॅपटॉप पाच सेंटिमीटरवरून कडप्प्यावर टेकला, म्हणजे हातातून जरा निसटला, असं धरा. टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर होतो. दगड दबत नाही, त्यामुळे तो अर्ध्या मिलिसेकंदात थांबला तर धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट बसतो. लॅपटॉपच्या डिस्क चालू असताना साधारण तीनशे-चारशे पटींपर्यंतचा क्षणिक धक्का सोसतील अशा बनवतात, बंद असताना आठशे-हजारपर्यंत. म्हणजे चालू डिस्कची निम्मी सहनशक्ती आपण त्या पाच सेंटिमीटरांत संपवली. एसटी खड्ड्यात आदळते तेव्हा खाली सीटचं कुशन असतं, वर तुमची मांडी असते. धक्का लांबतो आणि बोथट होतो. फार तर हेडचा नेम चुकेल, फाइल उघडायला वेळ लागेल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०११ साली भाचीच्या लग्नाचे फोटो माझ्याच लॅपटॉपवर कॉपी होत होते. गिऱ्हाईक आलं म्हणून एका हाताने कोपरा धरून लॅपटॉप उचलला आणि दुकानाच्या काउंटरवर ठेवला. ठेवला कसला, टेकवला. काउंटरला वरून कडप्पाच होता. एकदाच 'टक्' झालं. रात्री डिस्क टकटकायला लागली आणि सकाळी ओळखच दाखवेना. तोवर मी वीसेक लोकांना बॅकअपवर भाषण दिलेलं होतं. भाची अजून काढते तो विषय.

तुम्ही म्हणाल, पडतोय हे ओळखून हेड बाजूला घेणारा सेन्सर असतो ना? असतो. २००३ मध्ये आयबीएमने थिंकपॅडमध्ये आणला, २००५ मध्ये ॲपलने पॉवरबुकमध्ये. पुढे काही डिस्कमध्येच बसू लागला. पण पाऊण मीटरच्या टेबलावरून पडायला जवळजवळ ०.४ सेकंद लागतात, तेवढ्यात हेड तबकडीबाहेरच्या आपल्या उतारावर जाऊन बसू शकतं. पाच सेंटिमीटर पडायला लागतो ०.१ सेकंद. सेन्सरला कळेपर्यंत लॅपटॉप टेकलेला असतो. टेबलावरून पडलेला लॅपटॉप वाचतो आणि ओट्यावर टेकवलेला जातो, असं कधी कधी होतं ते यामुळेच.

'८एफ'ला घाबरू नका. ते सॉफ्टवेअर आकडे सोळांच्या पद्धतीत दाखवतं. हे झाले १४३. डिस्कला जाणवलेल्या धक्क्यांची ती मोजदाद आहे आणि प्रत्येक कंपनी ती आपापल्या पद्धतीने करते. मुलाला सांगा, ५ आणि १९७ क्रमांकांच्या ओळी बघ: बदललेले सेक्टर (डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे तुकडे) आणि बदलायला टेकलेले सेक्टर. तिथे शून्य असेल तर निवांत राहा. आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर गुणपत्रकं त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्या.

स्टॉप आला की झाकण मिटून लगेच उठू नका. डिस्क थांबायला काही सेकंद लागतात. तळहात खाली धरलात तर थरथर थांबलेली कळते. सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'काहीच करू नका' असं निवडलेलं नाही ना, तेही बघा. तसं असेल तर बंद पिशवीत डिस्क फिरत राहते आणि तापते. पलंगावर गोधडीत रुतवून ठेवण्यालाही माझा आक्षेप तापण्यापुरताच आहे. खाली पाट घ्या. आणि थोडा खर्च करायची तयारी असेल तर एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, घाला. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, मग ओटा काय नि एसटी काय.

प्रश्न : आम्ही लेहला जातोय. फोटो साठवायला जुना, हार्ड डिस्कवाला लॅपटॉप न्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नेऊ नका. डिस्कला श्वास घ्यायला गाळणी लावलेलं बारीक भोक असतं, त्यामुळे आतली हवा बाहेरच्याइतकीच विरळ होते. हेड त्याच हवेवर तरंगतं. हवा विरळ झाली की ते खाली उतरतं. बहुतेक डिस्क चालवायची मर्यादा ३००० मीटरच्या आसपास लिहिलेली असते आणि लेह आहे सुमारे ३५०० मीटरवर. तिथे चालू केल्याबरोबर डिस्क जातेच असं नाही, पण सहलीचे फोटो त्यावर कशाला लावायचे? विमानातली काळजी नको, केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असतो. लॅपटॉप न्यायचाच असेल तर बंद करून न्या, बंद डिस्कला ती उंची सोसते. फोटो मेमरी कार्डांवरच राहू द्या आणि एक कार्ड जास्तीचं घ्या.

प्रश्न : डिस्क टकटक करते. फ्रीजरमध्ये ठेवली की चालते म्हणतात, खरं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरेल, मग उरलंसुरलंही जाईल. आपटूनही बघू नका. टकटक म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाही. ते तबकडी खरवडत असेल तर दर मिनिटाला डेटा कमी होतोय. वीज काढा. डेटा महत्त्वाचा असेल तर धूळविरहित खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे द्या आणि आधी खर्चाचा आकडा लेखी मागा.