लाजाळू मुलीला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची सोळा वर्षांची मुलगी ओट्याशी भांडी घासताना अख्खं नाट्यगीत म्हणते आणि दारात शेजारीण दिसली की गप्प होते. सुझन बॉयलचा व्हिडिओ पाहिल्यापासून तुम्हाला वाटतंय, एकदा टीव्हीवर उभी राहिली की हिची भीड चेपेल.

भीड नाही चेपणार. पण पाठवू नका असंही मी म्हणत नाही. मी नाशिकरोडला बावीस वर्षं गाण्याचा क्लास घेते आणि अशाच एका मुलीला मुंबईला ऑडिशनला घेऊन गेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सुझनबाईंचं. ११ एप्रिल २००९ ला ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ या तिकडच्या टीव्ही स्पर्धेचा तो भाग दाखवला गेला. स्कॉटलंडमधल्या ब्लॅकबर्न गावची ४७ वर्षांची बाई, प्रेक्षकांत खसखस, आणि मग ‘ले मिझराब्ल’ या संगीतिकेतल्या गाण्याची पहिली ओळ. परीक्षक सायमन कॉवेलच्या भुवया वर गेल्या. आपण पाहतो ते एवढंच. त्याआधी ती वर्षानुवर्षं चर्चमध्ये गात होती, शिक्षकाकडे आवाजाची तालीम घेत होती, १९९९ मध्ये मदतनिधीसाठी निघालेल्या एका सीडीवर तिचं गाणं होतं. आणि १९९५ मध्ये दुसऱ्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या निवडीत तिची टिंगल झाली होती. बाई बुजरी होती खरी, पण गळा तयार होता. रातोरात वगैरे काही नव्हतं त्यात.

पुढचंही वाचा. ३० मे च्या अंतिम फेरीत एक नाचाचा संच पहिला आला, ही दुसरी. दुसऱ्याच दिवशी इतकी कोलमडली की तिला लंडनच्या क्लिनिकमध्ये न्यावं लागलं. नोव्हेंबरात अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात चार लाखांवर प्रती खपल्या. २०१३ मध्ये तिनं सांगितलं की आपल्याला ॲस्पर्जर, म्हणजे ऑटिझमचा एक प्रकार, असल्याचं निदान झालंय. म्हणजे त्या दिवशी सभागृह ज्या अवघडलेपणाला हसलं, त्याला एक नाव होतं. मला तो व्हिडिओ आता पूर्ण बघवत नाही. सुरुवातीचं हसणं सोडून देते आणि गाण्यापासून लावते.

आपल्याकडचा अरिजित सिंग घ्या. २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. जिंकला नाही, मधेच बाहेर पडला. नंतर कितीतरी वर्षं स्टुडिओत दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं आणि २०१३ मध्ये ‘तुम ही हो’ आलं. स्पर्धेनं त्याला फार तर मुंबईत आणून सोडलं. बुजऱ्या गायकाची खरी जागा कोणती म्हणाल तर रेकॉर्डिंगची ती बंद खोली. समोर माईक, कानात हेडफोन, काचेपलीकडे दोन माणसं. चुकलं तर पुन्हा घ्यायचं. तुमच्या लेकीला टीव्हीच्या आधी एकदा तिथे उभी करून बघा.

आता आमची ऑडिशन. मुलगी ओझरची, तेव्हा एकोणीस वर्षांची. पहाटे निघालो, नऊला रांगेत. छातीवर नंबरचा कागद. दुपारी अडीचला आत बोलावलं. टीव्हीवर दिसतात ते परीक्षक पहिल्या फेरीत नसतातच, हे घरच्यांना माहीत नसतं. एका खोलीत टेबलामागे दोन तरुण पोरं, एक कॅमेरा, आणि मिनिट-दीड मिनिट वेळ. साथ नाही. मुखडा आणि अंतरा झाला की “दुसरं काही?”

आमची पट्टी, म्हणजे ‘सा’ धरायचा सूर, पेटीची काळी चार. घाबरल्यावर माणूस वरचा सूर धरतो. हिनं चांगला दीड सूर वर धरला. मी दाराबाहेर उभी, पहिल्या ओळीलाच माझ्या पोटात गोळा. अंतऱ्यात तार षड्जापाशी, म्हणजे वरच्या ‘सा’पाशी, आवाज फाटला. ती थांबली नाही, एवढंच कौतुक. तेव्हापासून क्लासमधून कोणीही स्पर्धेला निघालं की सांगते, मोबाईलवर तानपुरा लावा, कानाला धरा, आत जाईपर्यंत षड्ज गुणगुणत राहा. रांगेत लोक बघतात. बघू देत.

तरीही तिला पुढच्या फेरीला ठेवलं. आणि तिथे गंमत झाली. हेडसेट लावलेली एक मुलगी वही घेऊन आली. घरची काही स्टोरी आहे का, वडील काय करतात, नाशिक म्हणजे द्राक्षं असतील ना, गारपिटीत नुकसान झालंय का? हिचे वडील ओझरच्या कारखान्यात नोकरीला, पगार महिन्याच्या महिन्याला. बाग सोडा, अंगणात वेलही नाही. ही आपली मान खाली घालून “नाही, नाही” करतेय. मग ती म्हणाली, “बरं, तू इतकी लाजतेस तर त्याचंच काहीतरी करू. कॅमेऱ्यासमोर थोडं रडू येईल का?”

ताई, मला खरी भीती याची वाटते. गाताना लाजाळू मुलं सहसा निभावून नेतात, कारण गाण्यात शब्द दुसऱ्याचे असतात आणि डोळे मिटायची सोय असते. दोन गाण्यांच्या मधे जे बोलायला लागतं, हसायला लागतं, आईला मिठी मारून दाखवायला लागते, तिथे ती दमतात. आणि लाजणं हेच कार्यक्रमवाल्यांच्या हाती मसाला म्हणून सापडलं, की ते जाऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.

आम्ही त्या दुसऱ्या फेरीनंतर परत आलो. निवड झाली नाही. कसाऱ्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. इगतपुरीला वडापाव घेतला तेव्हा म्हणाली, “मॅडम, मी काळी चारच धरायला हवी होती ना?” रडण्याबद्दल, द्राक्षांबद्दल अवाक्षर नाही. पोरीच्या डोक्यात फक्त पट्टी होती! तेव्हा मला कळलं की ही गाणार.

नंतर काय केलं ते सांगते, तुम्हाला घरीही करता येईल. क्लासमध्ये तिला कपाटाकडे तोंड करून गायला बसवलं, बाकीच्या मुली तिच्या पाठीमागे. तीन-चार महिन्यांनी तिरकी बसवली. मग समोर, पण पेटी तिच्याच हातात, म्हणजे नजर पट्ट्यांवर राहते. वर्षभरानं गल्लीतल्या गणपतीत आरतीनंतर एक अभंग. मग पाडवा पहाटेच्या एका कार्यक्रमात कोरसमध्ये मागच्या रांगेत. दीड वर्ष गेलं यात. आज ती कार्यक्रम करते, चार पैसे मिळवते, आणि अजूनही निवेदकानं काही विचारलं तर माझ्याकडे बघते.

वय निघून जाईल हे मात्र डोक्यातून काढा. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर आपल्या नाशिकात जन्मले, ते चौदाव्या वर्षीच मैफलीत गायले. आणि सुझनबाईंचं वय मी वर लिहिलंच आहे. दोन्ही चालतं.

फॉर्म भरायचा की नाही हे तिलाच विचारा. पण जेवताना, सगळ्यांदेखत नको, तिथे ती “तुम्ही म्हणाल तसं” म्हणेल. रियाज संपवून तानपुरा बंद करत असेल, तेव्हा विचारा. आणि लगेच उत्तर मागू नका.